कमी खर्चात एफपीजीए: आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग बोर्ड घ्या

एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपण कोड लिहून ठरवतो अशी चिप, शिकायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा बोर्डाच्या किमती बघायला लागतात. ते दोन दिवस थांबवा. आधी सॉफ्टवेअर ठरवा, ते कोणत्या चिपला फुकट चालतं ते बघा आणि त्या यादीतलाच बोर्ड घ्या. मायक्रोकंट्रोलरला तीन-चार कंपायलर मिळतात, एक नाही जमला तर दुसरा. एफपीजीएमध्ये ही मोकळीक मोजक्याच चिपना आहे. प्रत्येक कंपनीची बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) वेगळी आणि ती तयार करणारं सॉफ्टवेअर बहुधा त्याच कंपनीचं. त्यामुळे चिपबरोबर सॉफ्टवेअर, त्याची ठरावीक आवृत्ती आणि कधीकधी ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा गळ्यात पडते.

सीनियरकडून किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या सायक्लोन २ च्या छोट्या बोर्डांचंच उदाहरण बघा. बोर्ड चांगला असतो, पण तिच्या क्वार्टस या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही चिप दिसतच नाही, त्यासाठी १३.० एसपी१ हीच जुनी आवृत्ती शोधावी लागते. झायलिंक्सच्या स्पार्टन ६ ला त्या कंपनीचं नवं सॉफ्टवेअर व्हिवाडो चालत नाही, जुनं आयएसई १४.७ लागतं, आणि ते २०१३ नंतर पुढे गेलेलं नाही. विंडोज १० साठी ते व्हर्च्युअल मशिनमध्ये मिळतं. म्हणजे आधीच मंद असलेल्या लॅपटॉपवर आणखी एक ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची. कॉलेजच्या कपाटात असे बोर्ड पडून असतील तर जरूर वापरा. पदरचे पैसे घालून घेऊ नका.

हा लेख सोलापूरच्या वालचंद, ऑर्किडसारख्या कॉलेजांत इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांसाठी आहे, तसाच अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत यंत्रांची कंट्रोल कार्डं करणाऱ्यांसाठी.

पायरी १: कामाचा आकडा काढा

सॉफ्टवेअर निवडण्याआधी काम किती मोठं आहे ते कागदावर मांडा. सोलापूरचंच उदाहरण घेऊ. एक माग मिनिटाला १५० पिक (आडवे धागे) टाकतो असं धरा. म्हणजे सेकंदाला अडीच पिक, एका पिकला ४०० मिलिसेकंद. एफपीजीएचं क्लॉक २७ मेगाहर्ट्झ असेल तर एका पिकमध्ये १ कोटी ८ लाख क्लॉक जातात. एका मागाचे पिक मोजायला एफपीजीए लागत नाही, साधा मायक्रोकंट्रोलर पुरतो, आणि हे स्वतःला आधीच सांगितलेलं बरं.

आता १३४४ हुकांच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डचं (नक्षीसाठी उभे धागे वेगवेगळे उचलणारं यंत्र) उदाहरण घ्या. प्रत्येक पिकला १३४४ बिट पाठवायचे. शिफ्ट रजिस्टरच्या एकाच साखळीतून १ मेगाहर्ट्झने पाठवले तरी १.३४४ मिलिसेकंदात काम होतं. हेही मायक्रोकंट्रोलरच्या आवाक्यातलं आहे. पण तेच कार्ड चार-सहा मागांना एकाच वेळी, प्रत्येकाच्या स्वतःच्या वेळेवर चालवायचं असेल तर छोटा एफपीजीए शोभतो. कापडातला दोष कॅमेऱ्याने शोधायचा असेल तर मात्र गणितच बदलतं: २०४८ पिक्सेलच्या ओळी सेकंदाला २०,००० आल्या तर सेकंदाला ४ कोटी ९ लाख ६० हजार पिक्सेल. इथे एफपीजीए हवाच, आणि त्यात मेमरी आणि गुणाकाराचे तयार ब्लॉकही हवेत.

पहिल्या दोन प्रकारच्या कामांना आणि जवळजवळ सगळ्या कॉलेज प्रयोगांना ५,००० ते १०,००० एलयूटींची (एलयूटी म्हणजे लॉजिकचा छोटा ठोकळा) चिप भरपूर होते. या मापाच्या चिपसाठी सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

पायरी २: लॅपटॉप, डिस्क आणि नेट

फुकट सॉफ्टवेअरचा खरा खर्च डाउनलोडमध्ये आणि डिस्कमध्ये असतो. व्हिवाडोमध्ये फक्त ‘७ सीरिज’ हा चिपचा गट निवडला तरी कित्येक दहा जीबी जागा जाते. ४० जीबीचं डाउनलोड धरलं तर रोज २ जीबीच्या मोबाईल पॅकवर त्याला २० दिवस लागतील. त्यापेक्षा कॉलेजच्या लॅबमध्ये वेब इन्स्टॉलर चालवा, त्यातला इमेज उतरवून ठेवण्याचा पर्याय निवडा आणि पेनड्राइव्हवर घरी न्या. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि कॉपी अर्ध्यावर तुटते.

क्वार्टस प्राइम लाइटमध्ये प्रत्येक चिप-कुटुंबाची फाइल वेगळी मिळते. मूळ सॉफ्टवेअर आणि तुमच्या एका कुटुंबाची फाइल एवढंच उतरवा. सगळंच घेतलं तर कित्येक जीबी वाया जातात. ओएसएस कॅड सूट हा मुक्त टूल्सचा गठ्ठा मात्र एका दिवसाच्या पॅकमध्ये बसतो.

रॅम ८ जीबी असेल तर छोट्या चिपवर सगळं चालतं. व्हिवाडो नियमित वापरायचं असेल तर १६ जीबी करा. प्लेस आणि राउट (लॉजिक चिपवर मांडणं आणि जोडणं) या टप्प्यांत बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून जास्त कोअरपेक्षा एका कोअरचा वेग बघा. हार्ड डिस्क जुनी फिरती असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. बोर्डापेक्षाही त्याचा उपयोग आधी जाणवेल. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि तेच डिझाइन दुप्पट वेळ घेतं. टणक पृष्ठभाग आणि मागून हवा, एवढ्यानेही फरक पडतो.

इन्स्टॉल करताना एक गोष्ट आवर्जून पाळा: फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको आणि देवनागरी अक्षरं नकोत. विंडोजवर खात्याचं नावच मराठीत असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा रस्ता मराठी होतो. मग टूल भलत्याच चुका दाखवतं आणि माणूस कोडमध्ये दोष शोधत बसतो. सी किंवा डी ड्राइव्हच्या मुळाशीच आखूड नावाचं फोल्डर करा. व्हिवाडो स्वतः खूप खोल फोल्डर तयार करतो, आणि २६० अक्षरांची विंडोजची मर्यादा ओलांडली की तो मध्येच थांबतो.

पायरी ३: कोणतं टूल कशासाठी

व्हिवाडो स्टँडर्ड हे एएमडीचं, म्हणजे पूर्वीच्या झायलिंक्सचं मोफत टूल. स्पार्टन ७, आर्टिक्स ७ आणि झिंक ७००० मधल्या छोट्या चिप त्यात येतात. बेसिस ३ बोर्डावरची आर्टिक्स ७ ३५टी चिप २०,८०० एलयूटींची आहे. सिम्युलेटर आतच आहे आणि त्यात व्हेरिलॉग व व्हीएचडीएल या डिझाइन लिहायच्या दोन्ही भाषा एकत्र चालतात. चिपच्या आतले सिग्नल चालू स्थितीत बघायला आयएलए मिळतं. नोकरीच्या दृष्टीने हे नाव बायोडेटावर असलेलं चांगलंच. पण बोर्ड महाग आणि टूल अवजड, म्हणून घरच्या पहिल्या प्रयोगांसाठी आम्ही ते सुचवत नाही. कॉलेजमध्ये बोर्ड असेल तर तिथे जरूर शिका.

क्वार्टस प्राइम लाइट सायक्लोन ४, सायक्लोन ५, सायक्लोन १० एलपी आणि मॅक्स १० ला चालतं, आणि त्याला लायसन्स फाइल लागत नाही. सिम्युलेटर म्हणून मिळणाऱ्या क्वेस्टा स्टार्टरला मात्र मोफत असलं तरी लायसन्स लागतं, ते नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला बांधलेलं असतं आणि दर वर्षी नवं करावं लागतं. इथे बरेच जण मोबाईल टेदरिंगचा किंवा यूएसबी वायफाय डोंगलचा क्रमांक देऊन बसतात. डोंगल काढला की लायसन्स चालत नाही. लॅपटॉपच्या आतल्या कार्डाचाच क्रमांक द्या. डीई१०-लाइट किंवा डीई०-नॅनो उपलब्ध असेल तर हा मार्ग चांगला आहे.

गोविन ईडीएची एज्युकेशन आवृत्ती लायसन्सशिवाय चालते आणि टँग नॅनो ९के व २०के या स्वस्त बोर्डांना पुरते. ९के वर ८,६४० एलयूटी आणि ६,४८० फ्लिपफ्लॉप (एकेक बिट साठवणारे घटक) आहेत, २०के वर २०,७३६ एलयूटी. प्रोग्रामर बोर्डावरच असतो, वेगळी केबल घ्यावी लागत नाही. सूचनांची भाषा काही ठिकाणी तोकडी आहे, हा त्याचा दोष.

चौथा मार्ग मुक्त टूल्सचा, आणि घरी शिकणाऱ्याला आम्ही तोच आधी सांगतो. २०१५ मध्ये प्रोजेक्ट आइसस्टॉर्मने लॅटिसच्या आइस४० चिपची बिटस्ट्रीम उलगडली. पुढे ट्रेलिसमुळे ईसीपी५ आणि अपिक्युलामुळे गोविनच्या चिप त्याच वाटेवर आल्या. सिंथेसिसला (कोडचं लॉजिक करायला) योसिस, प्लेस-राउटला नेक्स्टपीएनआर, बोर्डात भरायला ओपनएफपीजीएलोडर. हे सगळं आयकॅरस, व्हेरिलेटर आणि जीटीकेवेव्हसकट ओएसएस कॅड सूट या एकाच गठ्ठ्यात मिळतं. छोटं डिझाइन काही सेकंदांत बाहेर पडतं. शिकताना दिवसातून पन्नासदा बदल होतात, तेव्हा ही गती फार मोलाची ठरते.

याच्या उणिवाही लक्षात घ्या. योसिस स्वतः व्हेरिलॉग आणि सिस्टिमव्हेरिलॉगचा काही भागच वाचतो. व्हीएचडीएलसाठी जीएचडीएलचं जोडटूल लागतं आणि ते विंडोजवर बसवणं त्रासाचं आहे. अभ्यासक्रमात व्हीएचडीएल असेल तर गोविन ईडीए किंवा क्वार्टस सोपं पडेल. शिवाय व्हिवाडोच्या आयएलए किंवा क्वार्टसच्या सिग्नल टॅपसारखी चिपच्या आत डोकावण्याची तयार सोय इथे नाही. म्हणून सिम्युलेशन जास्त काळजीने करावं लागतं.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी दोन ओळी: जुन्या यंत्रांच्या ५ व्होल्टच्या कार्डांवर जीएएल २२व्ही१० हा छोटा प्रोग्रामेबल लॉजिक आयसी सापडतो. त्याच्या जागी एटीएफ२२व्ही१०सी चालतो आणि विनकपल हे मोफत टूल पुरतं. मात्र मूळ चिपचा सिक्युरिटी फ्यूज उडवलेला असेल तर आतलं लॉजिक वाचता येत नाही. इनपुट-आउटपुटवरून समीकरणं नव्याने मांडावी लागतात.

पायरी ४: बोर्ड येण्याआधी सिम्युलेशन

बोर्ड हातात नसतानाही निम्मं काम होतं. आयकॅरसने कंपाइल करा, व्हीव्हीपीने चालवा, जीटीकेवेव्हमध्ये लाटा बघा. आयकॅरसला २०१२ चं मानक वापरायला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर सिस्टिमव्हेरिलॉगच्या साध्या ओळींवरही तो चूक दाखवू शकतो. लॅपटॉप नसेल तर ईडीए प्लेग्राउंड ब्राउझरमध्ये चालतं, त्यावर सुरुवात होऊ शकते.

एलईडी लुकलुकवण्याचंच उदाहरण बघा. २७ मेगाहर्ट्झवर अर्ध्या सेकंदाला १,३५,००,००० क्लॉक लागतात. २४ बिटांचा काउंटर १,६७,७७,२१५ पर्यंत जातो, म्हणून २४ बिट पुरतात. २३ बिट घेतले तर ८३,८८,६०८ लाच तो शून्यावर येईल, ठरवलेला आकडा कधीच गाठणार नाही आणि एलईडी एकाच स्थितीत राहील. आता हेच सिम्युलेट करायला गेलात तर टेस्टबेंचला (डिझाइनला सिग्नल देऊन तपासणाऱ्या कोडला) सव्वा कोटीहून जास्त क्लॉक द्यावे लागतील आणि लाटांची फाइल डिस्क खाईल. म्हणून मर्यादा थेट कोडमध्ये लिहू नका, पॅरामीटर करा. टेस्टबेंचमधून तो १० द्या, बोर्डासाठी खरा आकडा.

प्रत्येक फाइल सिंथेसिसला देण्याआधी व्हेरिलेटरच्या लिंटमधून (कोडच्या तपासणीतून) काढा. बिटांची रुंदी न जुळणं, केस स्टेटमेंटमध्ये एखादी शक्यता राहून लॅच (क्लॉकशिवाय बिट धरून ठेवणारा नकोसा घटक) तयार होणं, हे तो आधीच सांगतो. सिम्युलेटर अशा चुका मुकाट्याने चालवून घेतो.

पायरी ५: टँग नॅनो ९के वर पहिलं डिझाइन

क्लॉक ५२ क्रमांकाच्या पिनवर आहे. सहा एलईडी १०, ११, १३, १४, १५ आणि १६ वर, आणि ते शून्य दिल्यावर पेटतात. बटणं ३ आणि ४ वर. ही माहिती डॉट सीएसटी फाइलमध्ये जाते: एका ओळीत सिग्नलचं नाव आणि पिन, दुसरीत व्होल्टेजचा प्रकार.

इथेच नवशिके अडकतात. एलईडी आणि बटणं ज्या बँकेत (एकाच व्होल्टेजच्या पिनांच्या गटात) आहेत ती १.८ व्होल्टची आहे. एकाच बँकेतल्या एका पिनला ३.३ आणि दुसरीला १.८ लिहिलं की टूल बँकेचा व्होल्टेज जुळत नाही म्हणून थांबतं. बोर्डाच्या काठावरच्या ७९ पासूनच्या काही पिनाही १.८ च्याच आहेत. सेन्सरचा सिग्नल ३.३ व्होल्टच्या पिनवरच घ्या.

मागावरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर २४ व्होल्टचा असतो. तो थेट जोडला तर चिप जाते. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर घाला: २४ व्होल्टच्या बाजूला ४.७ किलोओहम, म्हणजे सुमारे ५ मिलिअँपिअर, पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो. चिपच्या बाजूला ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा पुलअप. सिग्नल उलटा येतो, तो कोडमध्ये सरळ करा.

मग क्रम असा. योसिसला गोविनचं सिंथेसिस सांगून जेसन फाइल घ्या. ती फाइल, चिपचं पूर्ण नाव, जीडब्ल्यू१एन-९सी हे कुटुंब आणि सीएसटी फाइल नेक्स्टपीएनआरच्या हिंबेखेल आवृत्तीला द्या. जुन्या लेखांत दिलेली वेगळी गोविन आवृत्ती आता धरू नका. निघालेल्या फाइलवर गोविन पॅक चालवा, डॉट एफएस फाइल मिळते. ती ओपनएफपीजीएलोडरने भरा. साध्या आज्ञेने ती एसरॅममध्ये जाते आणि वीज गेली की पुसली जाते. फ्लॅशमध्ये ठेवायला डॅश एफ द्यावं लागतं. प्रयोग चालू असताना एसरॅमच वापरा, पटकन होतं.

सिंथेसिसनंतर एलयूटींचा आकडा न चुकता वाचा. अपेक्षा शंभरची आणि आकडा शून्य-दोनचा आला, तर कुठलं तरी आउटपुट पिनपर्यंत पोचलेलं नाही आणि टूलने आख्खं लॉजिक निरुपयोगी समजून काढून टाकलंय.

बटण किंवा सेन्सर, बाहेरून येणारा प्रत्येक सिग्नल आधी दोन फ्लिपफ्लॉपमधून घ्या, नाहीतर काउंटर अधूनमधून भलताच आकडा दाखवेल आणि ते सिम्युलेशनमध्ये कधीच दिसणार नाही. बटणाचा २० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (दाबताना होणारी थरथर गाळणं) म्हणजे ५,४०,००० क्लॉक, २० बिटांचा काउंटर.

पायरी ६: टाइमिंगचा अहवाल

क्लॉकचा वेग सांगितला नाही तर प्रत्येक टूल वेगळं वागतं, आणि यातच सर्वात जास्त फसगत होते. नेक्स्टपीएनआर १२ मेगाहर्ट्झ धरतो आणि पास म्हणतो. तुमचा क्लॉक २७ चा असतो. क्वार्टस १ गिगाहर्ट्झ धरतो आणि सगळं लाल दाखवतो. व्हिवाडो क्लॉक न सांगितलेल्या मार्गांची तपासणीच करत नाही, त्यामुळे एकही चूक दिसत नाही. यातलं व्हिवाडोचं वागणं सर्वात घातक, कारण अहवाल स्वच्छ असतो आणि बोर्ड मात्र तापल्यावर चुकतो. कोणतंही टूल असो, क्लॉकची ओळ पहिल्याच दिवशी लिहा.

व्हिवाडोमध्ये एखाद्या पोर्टला पिन किंवा व्होल्टेज दिलेला नसेल तर तो बिटस्ट्रीम बनवायला नकार देतो. ही चूक नुसत्या इशाऱ्यावर आणायची युक्ती नेटवर जागोजागी मिळते. ती करू नका. पिन टूलच्या मर्जीने पडेल, आणि त्या पिनवर दुसऱ्या चिपचं आउटपुट जोडलेलं असेल तर दोघांची धडक होईल.

पायरी ७: केबल आणि ड्रायव्हर

विंडोजवर ओपनएफपीजीएलोडरसाठी झॅडिग या टूलने ड्रायव्हर बदलावा लागतो. टँग नॅनोला दोन इंटरफेस दिसतात. इंटरफेस ० हा जेटॅगचा (चिपमध्ये डिझाइन भरण्याचा), त्याचाच ड्रायव्हर बदला. दुसरा सीरियल पोर्टचा आहे, तो तसाच राहू द्या. हा बदल केल्यावर गोविनचा स्वतःचा प्रोग्रामर बोर्ड ओळखणार नाही; त्याच्याकडे परत जायचं तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत बसवा. एका लॅपटॉपवर एकच मार्ग ठरवून घेतलेला चांगला. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, पण युडेव्हचा (उपकरण वापरायची परवानगी देणारा) नियम टाकला नाही तर बोर्ड फक्त रूटलाच दिसतो. आणि बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदला: मोबाईल चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतात.

पायरी ८: कॉलेजकडून काय मिळू शकतं

मोठी व्यावसायिक टूल्स विकत घ्यायचा विचारही करू नका. केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप उपक्रमात निवडलेल्या संस्थांना सी-डॅक बंगळुरूच्या चिपइन केंद्रातून ईडीए टूल्स (चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर) वापरायला मिळतात. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे विभागप्रमुखांना विचारा. एएमडीचा विद्यापीठ कार्यक्रमही आहे. अर्ज प्राध्यापकांनी संस्थेच्या ईमेलवरून करावा लागतो.

पायरी ९: एका कंपनीत अडकू नका

आज गोविनवर केलेलं काम उद्या आर्टिक्सवर न्यावं लागेल हे धरूनच लिहा. मेमरी टूलच्या विझार्डने बनवण्यापेक्षा व्हेरिलॉगमध्ये साध्या अॅरेने लिहा. क्लॉकला बांधून वाचलीत तर सगळी टूल्स ती ब्लॉक रॅममध्ये (चिपमधल्या तयार मेमरीत) बसवतात. पीएलएलला (क्लॉकचा वेग बदलणाऱ्या ब्लॉकला) पर्याय नाही, तो कंपनीचाच लागतो, म्हणून तो एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा. चिप बदलली की ते एक मॉड्यूल आणि पिनांची फाइल एवढंच बदलायचं.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टूलचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवा, इन्स्टॉलरची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. गिटमध्ये फक्त सोर्स, टेस्टबेंच, पिनांची फाइल आणि मेकफाइल टाका. टूलने बनवलेली फोल्डरं टाकलीत तर रिपॉझिटरी काही दिवसांत फुगते. ओएसएस कॅड सूट रोज नव्या तारखेने निघतो. अर्धा प्रकल्प झाल्यावर त्यावर उडी मारू नका. जुनं फोल्डर तसंच ठेवून नवं शेजारी उघडा, दोन्हींवर तोच टेस्टबेंच चालवा, एलयूटींचा आकडा आणि कमाल वारंवारता ताडून बघा, आणि दोन्ही जुळले तरच नव्यावर जा.